वीस फूट चहूकडे

लग्नाच्या पंगतीत बसल्यावर लोक आधी ताट पाण्याने विसळून घेतात. आमचे लांजेवारभाऊ आचाऱ्याच्या गॅस सिलिंडरपासून आपल्या ताटापर्यंतचं अंतर टेपने मोजून घेतात. टेप खिशात असतेच, कारण धंदा बिछायतीचा. अर्जुनी मोरगावात कोणाचं लग्न असो, बारसं असो की तेरवी, मंडप, सतरंज्या, खुर्च्या, गंज, कढया सगळं लांजेवारांच्या गोदामातून जातं. म्हणजे ज्या शेगडीला ते भितात ती बहुतेक वेळा त्यांचीच असते. मोजून झालं की ते सिलिंडरभोवती हवेत बोटाने एक गोल काढतात आणि मोठ्याने विचारतात, "घेरात कोन कोन हाय?" यावर अर्धी पंगत उठून उभी राहते. एकदा नवरदेवाचे मामा भातावर वरण घेता घेता उठले ते थेट आपल्या गावाला निघून गेले. मामांची सगळी कामं मग एका दूरच्या मावसभावाला करावी लागली.

माझं मेडिकलचं दुकान आणि भाऊंचं गोदाम यांच्यात एकच भिंत आहे. त्यामुळे त्यांची प्रत्येक भीती आधी माझ्याकडे येते आणि मग गावात जाते. दुकानासमोर विजेची डीपी आहे. एका अवकाळी पावसात तिच्यातून ठिणग्या उडाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडलं तर रस्त्यावर चुन्याने काढलेला भलामोठा गोल, आणि त्याची कड माझ्या पायरीला शिवलेली. भाऊंनी डीपीचा घेर आखला होता. गावाला हे कुठून ठाऊक असणार? लोकांना वाटलं, कोणीतरी काहीतरी करून ठेवलंय. एक गिऱ्हाईक पायरी चढेना. तापाने फणफणलेली माणसं रस्त्याच्या पलीकडून ओरडून गोळ्या मागायची आणि मी त्या फेकायचो. शेवटी वैतागून मी बादलीभर पाणी ओतून तो गोल धुतला. धुताना माझं लक्ष सारखं वर डीपीकडे जात होतं, हेही सांगून टाकतो.

भित्रे ते जन्माचेच. वहिनी गेल्यावर ते वाढलं असं शेजारपाजारचे म्हणतात. वहिनींना ताप आला, नागपूरला नेलं, आणि तिथून त्या परत आल्या नाहीत. त्यात टेपने मोजण्यासारखं काही नव्हतं. मुलगी प्रणाली तेव्हा शाळेत होती. तेव्हापासून घरात ही दोघंच. पण तोवर भाऊंची भीती नुसतीच भीती होती, मोकाट सुटलेली. तिला घेर मिळाला तो एका खेळामुळे, आणि तो खेळ घरात आणला प्रणालीने.

प्रणाली नागपूरला नर्सिंग शिकत होती. वसतिगृहातल्या मैत्रिणींनी तिला या खेळाचं वेड लावलं. नकाशावर सोंगट्या मांडून खेळायचा, पण शर्यत नाही, हारजीत नाही. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. कोणी लढवय्या, कोणी चोर, कोणी जादूगार. आपला माणूस आता काय करतो ते ज्याचं त्याने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. फासेही साधे नाहीत, एकाला तर वीस बाजू. सोबत इंग्रजीतलं विटेएवढं जाड नियमांचं पुस्तक. शिक्षण संपवून ती घरी आली आणि दर रविवारी दुपारी माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, औषधांच्या खोक्यांमध्ये सतरंजी टाकून आमचा डाव सुरू झाला.

गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं. गिऱ्हाइकांना टॉनिकचे गुण सांगून सांगून माझी जीभ सैल झालेली आहे, असं मेश्राम मॅडमचं मत पडलं. या मेश्राम मॅडम शाळेत शिकवतात आणि खेळात तलवार चालवतात. दोन्हीकडे त्यांचा आवाज एकच. प्रणाली चोर झाली, सडपातळ, चपळ, झाडावर सरसर चढणारी. भाऊ "मी नुसता पाहत बसतो" म्हणून आले होते. जादूगार सगळ्यांच्या मागे उभा राहतो असं प्रणालीने सांगितल्यावर ते जादूगार झाले.

या जादूगाराकडे एक जबर मंत्र होता, आगीच्या गोळ्याचा. लांबून बोट दाखवायचं, तिथे गोळा फुटतो, आणि फुटल्या जागेपासून वीस फूट चहूकडे जे असेल ते भाजून निघतं. ती आग राक्षस ओळखत नाही आणि आपला माणूसही ओळखत नाही. प्रणालीने हे वाचून दाखवलं तेव्हा भाऊंच्या कपाळावर घाम आला.

"म्हनजे आपलाच मानूस मधात असला तं?"

"तं तोही जळते बाबा."

"मंग असा मंतर पुस्तकात ठेवला कायले? कोनी मनाई नाही केली?"

पुढच्या रविवारी ते एक कडं घेऊन आले. आमचा नकाशा चौकटींच्या कागदावर असतो, एक चौकट म्हणजे पाच फूट. भाऊंनी जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून बरोबर चार चौकटींच्या त्रिज्येचं कडं कापलं होतं. त्यावर 'शुभ' राहिलं होतं आणि 'विवाह' कापला गेला होता. लढाई सुरू झाली की ते कडं नकाशावर ठेवायचं, इकडे सरकवायचं, तिकडे सरकवायचं, एक डोळा मिटून वरून पाहायचं आणि विचारायचं, "घेरात कोन कोन हाय?" कोणी ना कोणी आपला त्यात असायचाच. मग कडं उचलायचं. एखाद्या चौकटीचा कोपराच तेवढा आत आला तर काय धरायचं, याचा नियम पुस्तकात आहे. भाऊंना तो पुरत नसे.

"मॅडम, तुमचा पाय बाहेर हाय, पर हात लांब हाय. तलवार धरली का हात घेरात जाते."

"अवो भाऊ, तो राक्षस माझं डोकं फोडून राहिला! टाका ना ते आग!"

"टाकतो, टाकतो. तुम्ही जराशा इकडं सरका."

"सरकू कशी? त्यानं धरून ठेवलं ना मले!"

"मंग त्याले म्हना, तू सरक."

असा अख्खा हिवाळा गेला. मॅडमची तलवारवाली दोनदा मेली, दोनदा त्यांनी नवी केली. प्रणालीच्या चोराचा कान तुटला. जादूगाराने एकदाही आग टाकली नाही. तो सगळ्यांच्या मागे उभा राहून मापं घेत होता.

दुसरा मंत्र धुक्याचा होता. बंद खोलीत सोडला की धुकं खोली भरून टाकतं. भाऊंनी विचारलं, "खोली किती बाय किती?" मी सांगितलं. प्रणाली म्हणाली, "बाबा, उंची पन विचारा. धुकं वरही भरते." भाऊ हसले. "उंचीचं काय करतं?" त्यांचंही चूक नव्हतं. बिछायतवाल्याचा भाव चौरस फुटावर असतो. मंडप किती बाय किती हे गिऱ्हाईक विचारतं, त्यावरून पैसे ठरतात. तो डोक्याला लागतो की आभाळाला, याचा पैसा कोणी देत नाही. आयुष्यभर त्यांनी जमीन मोजली. वर जे काही असतं ते कापडाचं, बांबूंचं आणि देवाचं. त्या दिवशी हा विषय आम्ही हसण्यावारी नेला.

खेळातली सवय मग बाहेर आली. मधमाश्यांच्या पोळ्याचा घेर, कुकरचा घेर, बैल उधळला तर त्याचा घेर. एका वरातीत फटाक्यांची माळ लागायच्या आधी त्यांनी नवरीच्या वडलांना खांद्याला धरून मागे ओढलं, तर व्याह्यांना वाटलं मारामारी लागली, आणि ती खरंच लागली. लोक हसायचे. मीही हसायचो, पण माझ्या बायकोने एक दिवस मला कुकरची शिटी होताना दाराआड उभं राहिलेलं पकडलं. त्यानंतर घरात माझा मान थोडा कमी झाला.

मग प्रणालीला नोकरी लागली. आरोग्यसेविकेची, सरकारी. चिचगडच्याही पुढे, जंगलातल्या एका गावात उपकेंद्र, त्याच्याच मागे राहायला दोन खोल्या. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. सगळ्या आळीने पेढे खाल्ले. भाऊंनी ते वाटले, पण पोरीला "जा" काही म्हटलं नाही. "नाही" पण म्हटलं नाही. विचारलं की एकच उत्तर, "विचार करून राहिलो." आणि प्रणालीचाही हट्ट असा, की बाबांच्या तोंडून "जा" ऐकल्याशिवाय जायचं नाही.

"मी का पळून चालली का काका?" ती दुकानात येऊन मला म्हणाली. "त्यायनं मनानं पाठवलं पायजे. तुम्ही सांगून पाहा ना त्यायले."

मी सांगायला गेलो आणि भीतीची अख्खी यादी ऐकून आलो. तिथे बिबट येतो. खाटेखाली मण्यार निघते, ती चावलेली कळतही नाही. नाल्याला पूर आला की एसटी बंद. मोबाइलची रेंज झाडावर चढल्याशिवाय भेटत नाही. आणि मोहाच्या दिवसांत अस्वलं. अस्वलापाशी आल्यावर मी त्यांची थट्टा करायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मागल्या उन्हाळ्यात त्याच बाजूचा एक माणूस माझ्या दुकानात पट्ट्या घ्यायला आला होता. त्याची बायको मोह वेचायला गेली होती, तिला अस्वलाने धरलं होतं. ती दुकानाबाहेर बाकड्यावर बसली होती, पदर पूर्ण चेहऱ्यावर ओढून. नवऱ्याने पट्टी किती लांब पाहिजे ते आपल्याच गालावरून कपाळापर्यंत बोट फिरवून दाखवलं होतं. तेव्हा भाऊ माझ्या काउंटरपाशी उभे होते. आता ते मला म्हणाले, "भाऊ, तुम्ही पाहिलं ना?" मी म्हटलं, पाहिलं.  भित्र्या माणसाशी वाद घालताना त्याची भीती खरी निघाली की फार पंचाईत होते.

हजर व्हायच्या आधीचा शेवटचा रविवार उजाडला तरी भाऊ विचारच करून राहिले होते. डाव मांडला. कोणाचंच मन त्यात नव्हतं, म्हणून मी गोष्टीत जंगल आणलं. ते मी करायला नको होतं असं मॅडम अजून म्हणतात. मोकळं रान, मधोमध मोहाचं एक उंच झाड, आणि चहूबाजूंनी लांडगे. लांडगे जवळ येऊ लागले तसे भाऊ सतरंजीवर गुडघ्यांवर उठून बसले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. एका लांडग्याने मॅडमच्या तलवारवालीचा दंड फोडला, पण ती झुंज देत रानाबाहेर निसटली. जादूगार आधीपासूनच लांब होता. प्रणालीचा चोर तेवढा झाडाच्या बुंध्याशी उरला.

"बाबा, मी पळू का?" प्रणालीने विचारलं. "त्या दोघांच्या मधून निंगता येते. फासा चांगला पडला तं बाहेर."

"नोको!" भाऊ ओरडले. "अन् नाही पडला तं? तू चढ. झाडावर चढ, बेटा. वर चढून चूप बस. वर काही नाही होत."

प्रणालीने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चढली." आमच्याकडे सोंगट्या म्हणून शर्टाची बटणं असतात. खोकल्याच्या औषधाचं मोजायचं टोपण पालथं घालून तिने आपलं बटण त्यावर ठेवलं, म्हणजे झाडावर. मी सांगितलं, फांदी एकावर एक दोन माणसं उभी राहतील एवढ्या उंचीवर आहे. लांडगे खाली गोळा झाले, सगळेच्या सगळे, बुंध्याभोवती.

भाऊंनी कडं काढलं. झाडाभोवती ठेवलं. एक डोळा मिटून पाहिलं. 

"घेरात कोन कोन हाय?"

"लांडगे," मॅडम म्हणाल्या.

"अन्?"

"अन् कोनी नाही ना भाऊ! मी बाहेर, तुम्ही बाहेर."

"प्रणाली?"

"मी झाडावर," प्रणाली म्हणाली.

"ते तं वर हाय," भाऊ स्वतःशीच बोलले. "खाली लांडगे. ते वर. म्हनजे आपलं कोनीच नाही घेरात." मग त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि म्हणाले, "टाकली!"

काय आरडाओरडा झाला! मॅडमनी टाळ्या पिटल्या. मीही माझा गोष्टवाल्याचा आब सोडून उडी मारली. एवढ्या महिन्यांनी जादूगाराने आग टाकली होती, आणि सगळे लांडगे एका दणक्यात राख. भाऊंनी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि ते हसले. मी त्यांना असं दात दाखवून हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. "एकबी नाही उरला?" ते विचारत होते. "मी टाकली ना? मीच टाकली ना?"

नियमापुरते किती फासे टाकायचे ते बघायला मी प्रणालीला मंत्राचं पान वाचायला सांगितलं. ती भरभर वाचू लागली आणि एका ओळीवर थांबली. ती ओळ गाळली असती तर आम्हाला कळलंही नसतं, आमच्यात इंग्रजी नीट येणारी तीच. पण पोरगी खोटं वाचणारी नव्हती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हा गोळा हाय. वरही जाते. वीस फूट वरही."

"वर कोन हाय?" भाऊंनी हसत हसतच विचारलं. मग त्यांची नजर त्या पालथ्या टोपणावर गेली.

"वाचू नको ना मंग," ते म्हणाले.

"वाचलं आता."

निसटायला एक संधी फाशाची असते. प्रणालीने फासा टाकला. तो घरंगळत खोक्याखाली गेला आणि आम्ही चौघंही वाकून पाहू लागलो. आकडा फारच लहान होता. गोष्ट सांगणाऱ्याने पुढचं वर्णन करायचं असतं. मी एवढंच म्हटलं, "फांदी पेटली." भाऊंनी टोपणावरचं बटण उचललं आणि मुठीत धरलं.

"मीच चढवलं तिले," ते म्हणाले. "खाली राहिली असती तं पळाली असती. ते म्हनत होती, पळू का. मी म्हटलं, चढ."

"बाबा, खेळ हाय हा."

"मालूम हाय मले खेळ हाय," असं म्हणून ते उठले आणि बाहेर गेले. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून गोदामातला आवाज येऊ लागला. खुर्च्यांची रास ते एकेक करून उतरवत होते आणि पुन्हा एकेक करून रचत होते. संध्याकाळपर्यंत तेच चाललं होतं. आम्ही तिघंही आवाज ऐकत बसून होतो. प्रणालीने एकदा उठायचं केलं, पण मॅडमनी तिला खाली बसवलं.

सोमवारी दुकान उघडल्याबरोबर भाऊ हजर. गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत ते वजनकाट्याशी उभे राहिले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "त्या खेळात जळल्यावर लावाले मलम गिलम काही भेटते का?"

मी हसायला पाहिजे होतं. उलट मी खऱ्या केमिस्टसारखं उत्तर दिलं, की एवढं भाजल्यावर मलमाने काही होत नाही. प्रणाली नवीन माणूस तयार करणार आहे, तिने तसं सांगितलंय.

"नवीन?"

"हो. यावेळी चोर नाही म्हणाली. वैद्य."

ते बराच वेळ काउंटरवरच्या काचेखालचे साबण बघत राहिले. "भाऊ, मी तिले वर नसतं चढवलं तं वाचली असती का?"

"सांगता येत नाही. फासा होता. लांडगेही होते."

"पर पळाली तं असती."

"पळाली असती."

त्यांनी मान हलवली. "गाडीत डिझेल टाकून आनतो," ते म्हणाले. "बुधवारी निंगू. तुम्ही संगं चला. जाताना पोरगी राहील, येताना मी एकटा भेतो. अन् तिले तुम्हीच सांगा."

"अहो, तुमच्या तोंडून ऐकायचंय तिला."

"मले रडू येईन ना भाऊ."

शेवटी ते दुकानाच्या दारात उभं राहून गोदामाकडे तोंड करून ओरडले, "प्रणाली, जाय वो!" आणि ती बाहेर यायच्या आत पेट्रोलपंपाकडे निघून गेले.

बुधवारी पिकअपमध्ये अर्धं गोदाम भरलं होतं. ड्रम, गाद्या, खुर्च्या, दोन गंज, पंगतीत वाढायचे चमचेसुद्धा. प्रणाली म्हणाली, मी तिथं लग्न लावणार नाही बाबा. जंगल लागल्यापासून भाऊ प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत होते, अगदी जिथे काही नव्हतं तिथेही. वाटेत रस्त्याच्या मधोमध काहीतरी काळं बसलेलं दिसलं. भाऊंनी गाडी थांबवली, काचा वर केल्या. जवळून गेलेल्या एका सायकलवाल्याने ते उचलून बाजूला फेकलं. कोणाच्या तरी ट्रकवरून पडलेली ताडपत्री होती.

गावात पोचल्याबरोबर सामान उतरवायच्या आधी टेप निघाली. दारापासून हापशीपर्यंत, हापशीपासून मोहाच्या झाडापर्यंत, झाडापासून खिडकीपर्यंत. शेपटासारखी टेप ओढत भाऊ फिरत होते आणि मागे माणसं जमत होती. एक म्हातारा माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला आणि त्याने विचारलं, "साहेब, रस्ता काढून राहिले का? माझी धानाची बांदी नका घेऊ जी." त्याला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. तोवर उपकेंद्राच्या ओट्यावर बायका येऊन बसल्या होत्या. एकीचे दिवस भरत आले होते आणि तिचे पाय सुजले होते. प्रणालीने पर्स खिळ्याला अडकवली, हात धुतले आणि तिचं बीपी बघायला बसली. भाऊ दारातून पाहत होते. आम्ही निघतो म्हटल्यावर ती पायरीपर्यंत आली. "बाबा, घरी गेल्यावर जेवून घ्या," एवढं म्हणाली. आतून कोणीतरी "बाई" म्हणून हाक मारली तशी ती वळून धावत आत गेली.

परतीच्या वाटेवर भाऊंनी एकदाही हॉर्न वाजवला नाही. जंगलाकडे पाहिलंही नाही. त्यांच्या भिण्याची मला इतकी सवय झाली होती, की आता मलाच भीती वाटू लागली.

"भाऊ, तिकडं डावीकडं काही हललं का?"

"असन," ते म्हणाले आणि गाडी त्याच वेगात चालवत राहिले.  बिबट्यापेक्षा मला त्या "असन"ची जास्त भीती वाटली.

गावात शिरलो तेव्हा ऊन अजून होतं. गोदामामागे भाऊंचं घर. दाराला बाहेरून कुलूप होतं. प्रणाली नागपूरहून परत आल्यापासून मी त्या घराला दिवसाउजेडी कुलूप पाहिलं नव्हतं. भाऊ गाडीतून उतरले आणि दार न उघडता पायरीवर बसले.

"चाबी?" मी विचारलं.

"नाही."

मी म्हटलं, हातोडी आणतो, कुलूप काय तोडता येईल. "कायले तोडता?" ते म्हणाले. "राहू द्या. गोदामात गाद्या हायेत, तिथं पडतो." एवढ्यात त्यांचा फोन वाजला. प्रणाली होती. रेंज अर्धीमुर्धी असल्यामुळे ती इतकी ओरडत होती, की शेजारी उभ्या असलेल्या मला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, अवो, घराची चाबी माझ्या पर्समधेच राहिली ना! सकाळी मीच कुलूप लावलं होतं. आता कसं कराल?"

"मालूम हाय मले."

"मालूम हाय? केव्हापासून?"

"तिथं पर्स खिळ्याले लटकवली, तवा चाबी बाहेर दिसून राहिली होती."

"मंग मांगितली काऊन नाही?"

भाऊ दाराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मांगितली असती तं तू देऊन टाकली असती. घराची चाबी तुयापाशी असू दे."

प्रणालीने फोन ठेवला नाही. भाऊंनीही नाही. त्यातून तिकडच्या बायकांचं बोलणं आणि कोणीतरी हापशी मारत असल्याचा आवाज येत होता, आणि ते पायरीवर बसून तो ऐकत राहिले.